राजाचें दान आणि रयतेचें द्रव्य

राजानें दान केलें म्हणजे प्रजेनें धन्य धन्य म्हणावें, आणि राजाचा वाडा दृष्टीस पडला म्हणजे तिनें डोळे दिपवून घ्यावे अथवा मनांतल्या मनांत चरफडावें, हा आपल्या देशांतील फार जुना परिपाठ आहे. या दोन्ही वृत्ती वरवर पाहतां परस्परविरुद्ध दिसतात. परंतु त्या एकाच अविचाराचीं अपत्यें होत. जो स्तुति करितो तोही विचारीत नाहीं, आणि जो निंदा करितो तोही विचारीत नाहीं, कीं दान झालें तें द्रव्य मुळांत कोणाचें? वाडा उभा राहिला तो कोणाच्या साऱ्यावर? या प्रश्नाचा खल नुसत्या तत्त्वचर्चेनें होणें कठीण. त्यास एखाद्या खऱ्या चरित्राचा आधार पाहिजे. उधळ्या व नादान संस्थानिकाचें चरित्र येथें उपयोगाचें नाहीं, कारण त्याविषयीं निकाल देण्यास बुद्धीचें काम पडत नाहीं. सर्वसंगपरित्याग केलेल्या राजर्षीचेंही नको, कारण तसे क्वचितच सांपडतात. म्हणून आम्ही आज श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों. लोकहिताचीं कामें त्यांच्याइतकीं करणारे राजे फार थोडे झाले; आणि राजवैभवही त्यांच्या ठायीं कांहीं कमी नव्हतें.

महाराजांची योग्यता कळावी म्हणून त्यांच्या आधींची बडोद्याची स्थिति प्रथम सांगितली पाहिजे. खंडेराव महाराज सन १८५६ पासून १८७० पर्यंत गादीवर होते. हिरेमोत्यांचा त्यांना विलक्षण शोक. ब्राझील देशांत सांपडलेला १२८ कॅरटांचा नामांकित हिरा त्यांनीं विकत घेतला. आणि सन १८६५ च्या सुमारास मोत्यांनीं मढविलेला एक गालिचा करविला, तो मदीनेस अर्पण करण्याच्या हेतूनें, असें सांगतात. म्हणजे विलास आणि धर्मादाय एकाच वस्तूंत उतरले! त्यांच्या मागून आलेले मल्हारराव यांची कारकीर्द तर अंदाधुंदीची. कर्नल फेअर या रेसिडेंटावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी होऊन कमिशनच्या सहा सभासदांत तीन विरुद्ध तीन असे तट पडले. तथापि राज्यकारभार बिघडविल्याच्या सबबीवर सन १८७५ त त्यांना पदच्युत करण्यांत आलें. या दोन्ही राजांच्या काळीं दक्षिणा वाटली जात नव्हती किंवा याचक विन्मुख जात होते असें मुळींच नाहीं. दान पुष्कळ होतें. पण न्याय नव्हता, हिशेब नव्हता, आणि ज्या कुणब्याच्या घामाचा पैसा दक्षिणेंत व मोत्यांत जात होता त्याच्या मुलास शाळा नव्हती.

अशा वेळीं खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत कवळाणें म्हणून एक लहानसें खेडें आहे. तेथील काशीराव गायकवाड यांचा मुलगा गोपाळराव, जन्म सन १८६३ चा, शेताभातांत वाढलेला, अक्षरओळख नसलेला. त्यास सन १८७५ च्या मे महिन्यांत गादीवर बसविण्यांत आलें. बारा वर्षांच्या या मुलाचे सयाजीराव महाराज झाले. राज्य सर टी. माधवराव चालवीत होते आणि मुलास शिकवीत होते इलियट साहेब. सन १८८१ च्या डिसेंबरांत मुखत्यारी मिळाली, तेव्हां महाराजांचें वय अठरा वर्षांचें होतें. नांगर कसा धरतात हें ज्यानें लहानपणीं पाहिलें आहे आणि अक्षर किती कष्टानें येतें हें ज्यानें मोठेपणीं अनुभविलें आहे, असा राजा बडोद्यास लाभला, ही गोष्ट पुढील सर्व चरित्राची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें.

मुखत्यारी मिळतांच महाराजांनीं जीं कामें हातीं घेतलीं त्यांची नुसती यादीही लांबेल. सन १८८१ तच बडोदें कॉलेज निघालें. लौकरच अंत्यजांच्या मुलांसाठीं शाळा उघडण्यांत आल्या. त्या शाळांस हिंदु शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमून त्या चालवाव्या लागल्या, यावरून त्या वेळच्या समाजाची पायरी कळून येईल. सन १८९० त उद्योगधंद्यांच्या शिक्षणासाठीं कलाभवन स्थापन झालें. सन १८९२ त आजव्याच्या तलावाचें पाणी शहरास मिळूं लागलें. श्रावणमासाची दक्षिणा पूर्वीं जातीकडे पाहून मिळे. ती त्यांनीं विद्येच्या परीक्षेशीं जोडली. छपन्नच्या दुष्काळांत ते मुलुखांत स्वतः फिरले, आणि त्या दौऱ्याचीं टिपणें सन १९०१ त छापून प्रसिद्ध केलीं. सन १९०४ त बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. सन १९०८ त बडोदें बँक निघाली. सन १९१० त बोर्डन नांवाचे अमेरिकन ग्रंथपाल आणून गांवोगांवीं वाचनालयें काढण्याची योजना सुरू केली. शहरांत मध्यवर्ती ग्रंथालय, खेड्यांत लहान वाचनालय, आणि जेथें तेंही नाहीं तेथें पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. सन १९३१ त हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा बडोद्यांत झाला. साऱ्या हिंदुस्थानांत हिंदु स्त्रीस तो हक्क सन १९५५ पर्यंत मिळाला नव्हता. महाराणी चिमणाबाईसाहेब यांनीं पडदा सोडला, आणि सन १९२७ त पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या.

या सर्वांत मुकुटमणि म्हणजे सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण. सन १८९३ त अमरेली तालुक्यांतील मोजक्या गांवांत त्याचा प्रयोग झाला, आणि सन १९०६ त साऱ्या राज्याकरितां कायदा करण्यांत आला. मुलगे सातपासून बारा वर्षांचे व मुली सातपासून दहा वर्षांच्या. पुढें नामदार गोखले यांनीं असाच कायदा ब्रिटिश हिंदुस्थानांत व्हावा म्हणून वरिष्ठ कौन्सिलांत बिल आणलें, तेव्हां बडोद्याचें उदाहरण त्यांच्या हाताशीं होतें. तें बिल सन १९१२ त नापास झालें. वीस लक्षांच्या आसपास वस्तीचें, चार ठिकाणीं तुकडे होऊन पडलेलें एक संस्थान जें करूं शकलें, तें सबंध खंडाचा वसूल घेणाऱ्या सरकारास परवडत नाहीं असें ठरलें! महाराजांच्या कीर्तीस याहून मोठें प्रमाणपत्र नको.

आतां चित्राची दुसरी बाजू. ज्या सन १८९० त कलाभवन निघालें त्याच सालीं लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. मेजर मँट यांनीं आराखडा केला व चिझम यांनीं काम तडीस नेलें. खर्चाचा आकडा सामान्यतः १,८०,००० पौंड असा सांगतात. काम महाराजांच्या अल्पवयांतच सुरू झालें होतें हें खरें, परंतु पुढें त्यांत राहावयास जाणारे महाराजच होते. सन १८८७ पासून त्यांच्या युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या त्या आयुष्यभर चालल्या. प्रकृतीची सबब होती, आणि प्रवासांत पाहिलेल्या पुष्कळ चांगल्या गोष्टी त्यांनीं स्वराज्यांत आणल्या हेंही खरें. तथापि राजा महिनेच्या महिने समुद्रापलीकडे, आणि त्याच्या लवाजम्याचा खर्च राज्याच्या उत्पन्नावर, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. जवाहिरखाना होता, हत्ती होते, सोन्यारुप्याच्या तोफा होत्या. यांपैकीं बरेंचसें पूर्वजांकडून आलेलें होतें. पण आलेलें ठेवून घेणें हाही एक निर्णयच असतो.

महाराजांच्या बाजूनें दोन गोष्टी सांगण्यांत येतात, आणि दोन्हींत कांहीं तथ्य आहे. पहिली अशी कीं, संस्थानिकाचा थाट ही केवळ त्याची हौस नव्हती. साम्राज्याची ती मागणी होती. सन १९११ च्या दिल्ली दरबारांत महाराज सर्व अलंकार न घालतां बादशहापुढें गेले, एकदांच मुजरा केला व पाठ फिरवून परत आले, एवढ्यावरून राजद्रोहाचा गवगवा झाला आणि त्यांस खुलासा करून दिलगिरी दर्शवावी लागली. ज्या राज्यपद्धतींत दागिने न घालणें हा गुन्हा ठरतो, तींत साधेपणानें राहणें राजाच्या हातीं कितपत असतें, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, इतर संस्थानिकांच्या मानानें महाराजांचा विलास मर्यादित होता आणि लोकोपयोगी खर्च अमर्याद. हेंही आम्हांस मान्य. परंतु शेजारी अधिक उधळतो म्हणून आपला खर्च न्याय्य ठरत नाहीं. आणि साम्राज्यानें दागिने घालावयास लावले, तरी राजवाडा किती खोल्यांचा असावा हें कांहीं साम्राज्यानें ठरवून दिलें नव्हतें. हिशेब मांडावयाचा तर असा मांडावा : राजवाड्याचें काम एकदां सुरू झालें तें पुरें झालें, शाळेचा प्रयोग मात्र एका तालुक्यांतून साऱ्या राज्यांत पोंचण्यास तेरा वर्षें लागलीं. सर्वांत उत्तम राजाच्या घरींसुद्धां आधीं कळस आणि मग पाया असा क्रम झाला, हें या पद्धतीचेंच लक्षण होय.

येथें एका प्रसंगाची आठवण देणें आम्हांस अवश्य वाटतें, कारण दानाची शक्ति व दानाची मर्यादा हीं दोन्ही त्यांत एकत्र दिसतात. भीमराव आंबेडकर या बुद्धिमान विद्यार्थ्यास महाराजांनीं कॉलेजच्या शिक्षणासाठीं दरमहा २५ रुपये दिले. आणि सन १९१३ त तीन वर्षांकरितां शिष्यवृत्ति देऊन न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयांत पाठविलें. अट एवढीच कीं, परत आल्यावर दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी करावी. सन १९१७ त ते विद्वान होऊन, अट पाळण्यासाठीं बडोद्यास आले. त्या राजधानींत त्यांना राहावयास खोली मिळेना. कचेरींतले शिपाई कागद दुरून टाकीत. पारशी नांव धारण करून ते एका पारशी खानावळींत उतरले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेल्या लोकांनीं त्यांना तेथून हुसकून काढलें. सरकारी बंगल्यासाठीं केलेल्या अर्जाचा उपयोग झाला नाहीं. शेवटीं मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनीं कामाठीबागेंत झाडाखालीं बसून काढले. ही बाग कोणती? महाराजांच्याच कारकीर्दींत प्रजेच्या करमणुकीसाठीं झालेली, ज्या बागेस पुढें सयाजीबाग म्हणूं लागले तीच.

या प्रसंगावरून महाराजांस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे; आम्ही तसें करीत नाहीं. शिष्यवृत्ति दिली नसती तर देशास एक अलौकिक पुरुष मिळाला असता किंवा नाहीं, कोण जाणे. सन १९१८ च्या मार्चांत मुंबईस अस्पृश्यतानिवारणाची जी परिषद भरली तिचें अध्यक्षपदही महाराजांनींच स्वीकारलें होतें. म्हणजे त्यांची कळकळ दिखाऊ नव्हती. पण राजाच्या दानानें एक मनुष्य सातासमुद्रांपलीकडे जाऊं शकतो आणि त्याच राजाच्या राजधानींत त्याला छप्पर मिळत नाहीं, याचें कारण काय? कारण उघड आहे. शिष्यवृत्ति हें दान होतें. राहावयास जागा मिळणें हा हक्क असावयास पाहिजे होता. दान देणाऱ्याच्या इच्छेनें चालतें, म्हणून त्याची नजर जेथवर जाईल तेथवरच तें पोंचतें. हक्क कायद्यानें चालतो, म्हणून राजा निजला असला अथवा परदेशीं असला तरी तो जागा राहतो. महाराजांपाशीं देण्यासाठीं हात उदार होता. पण आंबेडकरांस त्या दिवशीं उदार हात नको होता, न्यायाचा दरवाजा हवा होता.

म्हणूनच महाराजांच्या कामांची प्रतवारी आम्ही निराळ्या मापानें करितों. लोक सामान्यतः किती दिलें तें मोजतात. सन १९३६ त हीरकमहोत्सव झाला, तेव्हां ग्रामसुधारणेकरितां १ कोटि रुपयांचा निधि महाराजांनीं जाहीर केला. त्याचा जयजयकार झाला, आणि तो योग्यच होता. परंतु आमच्या मतें त्या कोटीपेक्षां सन १९०६ चा शिक्षणाचा कायदा मोठा. त्या कायद्यास दान कोणी म्हणत नाहीं. उलट मूल शाळेंत न धाडणाऱ्या बापास दंड होई, आणि गरीब लोक त्यामुळें कुरकुरतही. पण त्या कायद्यानें शेतकऱ्याचें पोर राजाच्या मर्जीवर अवलंबून राहिलें नाहीं. शाळा त्याची झाली. गांवच्या वाचनालयांचीही गोष्ट तीच. गांवानें कांहीं रक्कम उभी करावी, म्हणजे सरकारांतूनही मदत मिळावी, ही तऱ्हा त्यांत होती. त्यामुळें पुस्तकांवर गांवाचा अभिमान राहिला, उपकाराचें ओझें राहिलें नाहीं. जें काम राजाच्या हातून सुटून प्रजेचें झालें तेंच टिकलें. जें राजाचें राहिलें तें राजाबरोबर गेलें.

हें शेवटचें वाक्य आम्ही अलंकारासाठीं लिहिलेलें नाहीं. पुढील इतिहासानेंच तें सिद्ध केलें. सयाजीराव महाराज सन १९३९ च्या फेब्रुवारींत मुंबईस वारले. तीन पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते, म्हणून गादी नातू प्रतापसिंहराव यांजकडे आली. गादी तीच, तिजोरी तीच, अधिकारही तोच. फक्त मनुष्य बदलला. बडोद्यांत एका भार्येच्या हयातींत दुसरें लग्न करण्यास कायद्याची बंदी असतां त्यांनीं सन १९४३ त दुसरा विवाह केला, आणि तो कायदा राजास लागू नाहीं असें सांगण्यांत आलें. विलीनीकरणाच्या वेळीं राज्याच्या खजिन्यांतून मोठाल्या रकमा खासगीकडे गेल्याचें निघालें. सन १९४९ त संस्थान मुंबई इलाख्यांत सामील झालें, आणि सन १९५१ त हिंदुस्थान सरकारनें त्यांची मान्यता काढून घेतली. आजोबांच्या नांवाचें विश्वविद्यालय याच नातवाच्या काळीं सन १९४९ त निघालें, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. पण जवाहिरखान्यांतील किती तरी रत्नें परदेशीं गेलीं. मोत्यांचा तो गालिचा सन २००९ त दोहा येथें लिलांवांत सुमारें ५५ लक्ष डॉलरांस विकला गेला. ज्या रयतेच्या साऱ्यांतून तीं मोत्यें आलीं होतीं तिच्या पदरांत त्यांतला एक दाणाही पडला नाहीं. इकडे शाळा, कॉलेज, ग्रंथालय, तलाव हीं मात्र जेथल्या तेथें राहिलीं. आजोबांनीं नातवासाठीं राखलेलें उडालें. प्रजेसाठीं बांधलेलें उरलें. प्रजेच्या पैशावर राजाचा हात किती चालावा याला पक्का बंध असता, तर नातवाच्या स्वभावावर कांहींच अवलंबून राहिलें नसतें. चांगला राजा लाभणें हें दैव. हिशेब मागतां येणें ही व्यवस्था. दैवावर राज्य चालवूं नये, हा या चरित्राचा धडा होय.

कोणी म्हणेल कीं आतां राजे गेले, त्यांचे तनखेही सन १९७१ त बंद झाले. मग हें पुराण कशाला? आम्ही म्हणतों, राजे गेले, पण प्रजेची संवय गेली आहे काय? सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या रस्त्यावर व दवाखान्यावर अमक्याच्या कृपेनें अशी पाटी लागते, आणि आम्ही टाळ्या वाजवितों. धनिकानें शाळेस देणगी दिली म्हणजे त्याच्या कारखान्यांतील मजुरांस पगार काय मिळतो, त्याच्या गिरणीचें पाणी कोणत्या नदींत जातें, हें विचारणें असभ्यपणाचें मानलें जातें. सन २०१३ च्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्यांतील शेंकडा २ भाग लोकहिताकडे लावण्यास सांगितलें आहे. ती रक्कमही वाटतांना उपकाराचाच समारंभ होतो. कर्तव्यास दान म्हणावयाचें, आणि घेणाऱ्यानें मान खालीं घालावयाची, ही राजवाड्यांतली रीत आम्हीं राजवाडा गेल्यावरही जपून ठेविली आहे.

तेव्हां वैभवांत राहणाऱ्यापासून लोकांनीं अपेक्षा तरी काय करावी? त्यानें भगवीं वस्त्रें धारण करावीं अशी आमची मागणी नाहीं. राजाच्या फाटक्या अंगरख्यानें रयतेचें पोट भरत नाहीं. त्यानें महोत्सवाच्या दिवशीं मोहरा उधळाव्या अशीही नाहीं. आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, लोकांच्या पैशाचा व खासगी पैशाचा हिशेब निराळा असावा आणि तो कोणासही पाहतां यावा. दुसरी, जें आज दान म्हणून मिळतें आहे तें उद्यां हक्क म्हणून कसें मिळेल हें दात्यानें स्वतःच पाहावें. ज्या दानानें पुढें दानाची गरज उरत नाहीं तेंच उत्तम दान. तिसरी मागणी लोकांकडेच आहे : कृतज्ञता बाळगा, पण प्रश्न विचारणें सोडूं नका. सयाजीराव महाराजांविषयीं महाराष्ट्रानें व गुजराथेनें कृतज्ञ राहावें, हें आम्ही कोणाहून कमी आग्रहानें सांगत नाहीं. पण त्यांनीं ज्यांना अक्षर शिकविलें, त्यांनीं त्या अक्षरांनीं खतावणी वाचावयास शिकावें, हीच त्या थोर पुरुषाच्या ऋणाची खरी फेड होय. कवळाण्याच्या ज्या मुलास बाराव्या वर्षीं पाटी हातीं धरावी लागली, त्यास अक्षराची ही किंमत पुरती माहीत होती.